घाटातच का मिसिंग?

मिसिंग म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर चालू गाडीच्या सायलेन्सरमागे वहीचं पान धरा. पाइपाच्या तोंडापासून वीतभर लांब, दोन बोटांत. इंजिन धडधाकट असेल तर पान एका लयीत फडफडतं. एखादा सिलिंडर पेट घेत नसेल तर त्या लयीत ठरावीक जागी खोट येते, पान क्षणभर थबकतं, कधी उलटं पाइपाकडे ओढलं जातं. ही तपासणी मला बाबांनी शिकवली, त्यांना मुंबईत टॅक्सीच्या मिस्त्रींनी शिकवली होती. आमच्या चिपळूणच्या गॅरेजमध्ये आज कोड वाचणारं यंत्र आहे, मल्टिमीटर आहे, टायमिंग लाइट आहे. तरी जुनी गाडी आली की मी आधी मागे जाऊन कागदच धरते.

चार सिलिंडरच्या इंजिनात चौघांची पाळी ठरलेली असते. बहुतेक गाड्यांत, आणि ज्या पद्मिनीची गोष्ट मी सांगणार आहे तिच्यातही, क्रम १-३-४-२ असा. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या चौघांपैकी एकाचा खांदा सुटला तर उरलेले तिघे पालखी पडू देत नाहीत, पण नाच बिघडतो. तसंच इथे. तीन सिलिंडर चौथ्याचं ओझं ओढत राहतात, गाडी चालते, पण थरथरते, पिकअप जातो, अॅव्हरेज पडतं. चौथ्यात न जळलेलं पेट्रोल कुठे जातं? थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलात मिसळतं आणि ऑइल पातळ करतं. बाकीचं सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे भडकतं, तोच तो ‘फट्’ आवाज. म्हणून मिसिंग घेऊन गाडी वर्षानुवर्षं पळवणं महागात पडतं.

इंजिनाला मागणं फार नाही. पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात, ते मिश्रण दाबणारा घट्ट सिलिंडर, आणि वेळेवर पडणारी दमदार ठिणगी. यातलं काही चुकलं की मिसिंग. मात्र हे किती वेळा बिनचूक व्हावं लागतं ते बघा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. जुन्या गाडीत हे काम कुठलाही संगणक करत नाही. एका फिरत्या दांड्यावरचा चौकोनी कॅम पॉइंटची जोडी उघडतो-मिटतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्यानं कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात दहा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. ते रोटरमार्फत त्या त्या प्लगला वाटले जातात. या वाटप करणाऱ्या डब्याला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला, गॅरेजात सगळे डेल्को म्हणतात. ही व्यवस्था बसवणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांच्या अमेरिकेतल्या कंपनीचं ते नाव, शंभर वर्षांहून जुनं.

गाडीवाला येतो तो बहुधा एकच प्रश्न घेऊन : ताई, कुठला पार्ट बदलायचा? मी त्याला उलट विचारते, मिसिंग कधी मारते? हा माझा हट्ट आहे आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, जाऊ देत. पण ‘कधी’ कळल्याशिवाय बोनेट उघडण्यात अर्थ नसतो. सकाळी गार असताना मारते आणि गरम झाल्यावर थांबते, की उलट? उभी असताना थरथरते, की पळताना? सपाटीवर, की चढावर? पावसात जास्त? आणि एका तालात मारते, की मनाला येईल तेव्हा?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तालात, न चुकता, दर फेरीला एकच खोट येत असेल तर दोष एका सिलिंडरपुरता आहे. त्याचा प्लग, त्याची एचटी (हाय टेन्शन) वायर, त्याचा व्हॉल्व्ह, त्याची रिंग. बेताल मारत असेल, कधी इथे कधी तिथे, तर दोष अशा जागी शोधायचा जिथून चौघांनाही पुरवठा होतो : कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप. आणि शेजारचे दोन सिलिंडर मिळून मार खात असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुटलं असण्याची शंका आधी घ्यायची. एवढ्या एका उत्तरानं अर्धी गाडी संशयातून सुटते.

उभी असताना मिसिंग, पळवली की जाते, हा प्रकार बहुधा दाबाचा. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर स्लो फिरताना हवा निसटायला भरपूर वेळ मिळतो, वेगात तेवढा मिळत नाही. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरून हवा शिरत असेल तरी असंच होतं, कारण स्लोवर इंजिन मुळात थोडंसंच मिश्रण ओढत असतं आणि त्यात उपरी हवा भारी पडते. याच्या उलट, चढावर आणि जोर लावल्यावर मिसिंग, हा प्रकार बहुधा ठिणगीचा. अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल थकलेली, वायर गळकी किंवा प्लगचा गॅप मोठा असेल तर ते तिथे उघडं पडतं.

प्लग काढून इंजिनाला टेकवायचा, स्टार्टर मारायचा आणि निळी ठिणगी दिसली की ‘करंट ओके’ म्हणायचं, ही पद्धत म्हणूनच अर्धवट. उघड्या हवेत उडणारी ठिणगी दाबाखाली उडेलच असं नाही. ठिणगी मुळीच नसेल तर ही तपासणी उपयोगाची, असेल तर तिच्यावरून काहीही सिद्ध होत नाही. प्लग काढलाच आहे तर त्याचा चेहरा वाचावा, त्यात जास्त माहिती असते. बिस्किटी तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलेला असू शकतो. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा प्लग फार तापतोय. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. आणि पेट्रोलनं ओलाचिंब म्हणजे या सिलिंडरला पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. चारही प्लग काढल्या क्रमानं ओळीत मांडायचे. बरेच मिस्त्री ते एका डब्यात गोळा करतात, मग कुठला कुणाचा ते कुणालाच सांगता येत नाही आणि सगळा पुरावा गेला.

कोकणात याच्या जोडीला पावसाळा. चार महिने हवा अशी की रबराच्या बारीक भेगेतसुद्धा ओल जाऊन बसते. पावसाळी रात्री गॅरेजचा दिवा मालवून मी बोनेट उघडते आणि वायरींवर पाण्याची अगदी बारीक फवारणी करते. वायर गळकी असेल तर तिच्या अंगावर निळसर रेघा नाचताना दिसतात, प्लगपर्यंत पोचायचा करंट बाहेरूनच इंजिनाच्या अंगात उतरत असतो. डेल्कोच्या टोपीच्या आतही बघायचं. तिथे केसासारखी काळी रेघ उमटलेली असेल तर तीच करंटची चोरवाट. टोपी पुसून ती जात नाही, टोपीच बदलावी लागते. हे सगळं करताना हात लांब ठेवायचा. चालू गाडीच्या एचटी वायरीला हात लावणं ही मर्दुमकी नाही, हृदयविकार असलेल्या माणसाला तो धक्का घातक ठरू शकतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत तर चालू असताना वायर उपटून बघू नयेच, कॉइलचं आणि मॉड्यूलचंही नुकसान होतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. त्यानंतर बराच काळ आमच्याकडे ज्या गाड्या येत होत्या त्यांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. वायर बाहेरून नवीकोरी दिसते, आतलं तांबं हिरवं-काळं होऊन भुकटी झालेलं असतं. प्लॅस्टिकवर भरवसा ठेवायचा नाही, वायर वाकवून, ओढून बघायची. पद्मिनीच्या वेळी हेच कामाला आलं.

आता ती पद्मिनी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाटच्या परवान्यावर जी ‘११०० डिलाइट’ बनवली, तिचंच नाव पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झालं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली, कारण टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आणि शेवटची नोंदणी २००३ मधली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, पर्यावरण कर भरायचा, आणि जीव लावायचा.

आमच्याकडे आली ती १९८६ ची. मालक बँकेतून निवृत्त झालेले काका, गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. काकांची लेक कऱ्हाडला दिलेली, त्यामुळे कुंभार्ली घाटाला पर्याय नाही. त्यांची तक्रार अशी, की चिपळूणपासून शिरगाव, पोफळीपर्यंत गाडी लोण्यासारखी येते. घाट सुरू होऊन दुसऱ्या गिअरवर पहिली-दुसरी वळणं घेतली की आचके देते, मागे फटाके फुटतात, पाय सैल सोडला की सुधारते, पुन्हा दाबला की पुन्हा तेच. वर हेळवाकला सपाटीला लागली की काही झालंच नाही असं तोंड करते.

बोलता बोलता त्यांनी डिकी उघडून एक पिशवी दाखवली. वेगवेगळ्या गॅरेजांत काढलेले जुने पार्ट : प्लगचा संच, पॉइंटच्या जोड्या, कंडेन्सर, कॉइल, एचटी वायरी, पेट्रोल पंपाचं किट. कार्बोरेटर तर खोलून, धुऊन, जेट फुंकून परत बसवलेला. आणि मागच्या सीटवर बाटलीभर पाणी आणि एक पंचा. मी विचारलं, हा पंचा कशाला? म्हणाले, ‘अगो, एकानं सांगितलं व्हेपर लॉक आहे. घाटाच्या पायथ्याला थांबून पंपावर ओला पंचा टाकतो नि मग चढतो.’

ओला पंचा ही काही वेडगळ गोष्ट नव्हे. या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, उन्हाळ्यात घाट चढताना तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. फियाटवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या खंबाटकीत आणि बोरघाटात पंपावर ओली फडकी टाकली आहेत. पण काकांच्या वर्णनाशी ते जुळत नव्हतं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन दमत जातं, हळूहळू मरतं, आणि गार होईपर्यंत पुन्हा नीट धरत नाही. ठिणगी गेली तर आचका बसतो. आहे-नाही, आहे-नाही. मागे फटाका फुटतो तो पेट्रोल भरपूर येतंय पण पेटत नाहीये म्हणून. काका जे सांगत होते ते दुसऱ्या प्रकारचं होतं, आणि ते भर पावसाळ्यातसुद्धा होत होतं.

आधी कागद धरला. गंमत म्हणजे सपाटीवर उभ्या गाडीतही तालात एक खोट होती, बारीकशी. ती काकांच्या लक्षात कधी आली नव्हती, जुन्या गाडीची थरथर म्हणून खपून गेली होती. रबरी मुठीच्या पकडीनं एकेका सिलिंडरची वायर सोडवून बघितली. एक, दोन, चार सोडवले की इंजिन दर वेळी खाली बसत होतं, तीन सोडवला तर फारसा फरक नाही. म्हणजे तीन नंबर काम चुकवतोय. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावलं : एक, दोन, चारमध्ये १३० पौंडांच्या आसपास, तीनमध्ये १०५. सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा, इथे तो वीसच्या जवळ. तीन नंबरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चढला असता. चढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेचं, झाकण उघडून फिलर गेज घातलं तर तीन नंबरच्या एक्झॉस्टला पातीच शिरेना. टॅपेट टाइट. इथे एक लोकप्रिय गैरसमज सांगते. टॅपेटचा टकटक आवाज आला की लोक घाबरतात आणि मिस्त्रीकडून तो ‘बंद’ करून घेतात. थोडा आवाज करणारा टॅपेट बिचारा निरुपद्रवी असतो. गप्प बसलेला टॅपेट व्हॉल्व्हला पुरता बसू देत नाही, आणि बसला नाही तर व्हॉल्व्हला आपली उष्णता हेडमध्ये सोडता येत नाही, कारण ती सोडायची मुख्य जागा म्हणजे ती बैठकच. मग कड जळते. काकांना विचारलं, तर मागे कुणीतरी आवाज येतो म्हणून टॅपेट आवळले होते.

इथे थांबून बिल लावणं सोपं होतं. मोठा दोष सापडला होता, आकड्यांसकट. पण हा दोष घाटाचा नव्हता. दाबाची गळती उभ्या गाडीत जास्त जाणवते, जोरात कमी. शिवाय ती एका सिलिंडरची, तालातली. घाटातली मिसिंग काकांच्या सांगण्यावरून बेताल, चौघांची, आणि फक्त जोर लावल्यावर. एका गाडीत दोन दुखणी होती. मला वाटतं, याआधीचे मिस्त्री फसले ते यामुळेच. प्रत्येकानं काहीतरी खरंच बिघडलेलं शोधून बदललं होतं. बदललेले पॉइंट खरोखर जळके होते, पिशवीत मी बघितले. फक्त त्यातलं एकही घाटातल्या आचक्याचं कारण नव्हतं.

टॅपेट ठरलेल्या गॅपला लावून ठेवले आणि घाटाकडे वळले. प्रश्न असा होता, की घाट गॅरेजात कसा आणायचा. जे दुखणं समोर होत नाही ते शोधता येत नाही. चाकांना चारी बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, समोरून सगळ्यांना हटवलं आणि माझ्या भाच्याला स्टीअरिंगवर बसवलं. ब्रेक दाबून, पहिला गिअर टाकून, क्लच सोडत सोडत जोर द्यायचा. हे क्लचला मानवत नाही आणि धोक्याचंही आहे, तेव्हा घरी करू नका. आम्हीही ते दोन-चार सेकंदांपुरतंच करतो.

त्याआधी टायमिंग लाइटचा चिमटा कॉइलमधून डेल्कोकडे जाणाऱ्या मधल्या जाड वायरीवर लावला. त्या वायरीतून चौघांच्याही ठिणग्या जातात, त्यामुळे दिवा प्रत्येक ठिणगीला लुकलुकतो. इंजिन आचके खात असताना दिवा नेमानं लुकलुकत राहिला तर ठिणगी निघतेय, दोष पुढे टोपी-रोटर-प्लगमध्ये किंवा पेट्रोलमध्ये. दिवाच चुकायला लागला तर ठिणगी कॉइलमधूनच निघत नाही, मग पुढच्या सगळ्या वस्तू निर्दोष.

भाच्यानं क्लच सोडला. इंजिन एका बाजूला कललं, आचका दिला, आणि दिवा विझला. परत लागला, परत विझला.

म्हणजे पिशवीतले प्लग, एचटी वायरी, कार्बोरेटर, पंप, पंचा सगळे एका फटक्यात सुटले. उरलं काय? कॉइलला येणारा करंट, कॉइल स्वतः, कॉइल ते डेल्को जाणारी बारीक वायर, पॉइंट आणि कंडेन्सर. टेस्ट लॅम्प कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला लावून तोच खेळ पुन्हा केला. दिवा स्थिर. करंट येतोय. कॉइल नवी आणि मोजून ठीक. मग कॉइल ते डेल्को, हातभर लांबीची साधी वायर. एकाही गॅरेजात ती बदललेली नव्हती, कारण ती पार्ट म्हणून दुकानात मिळत नाही आणि बाहेरून चांगली दिसत होती.

गाडी बंद करून मल्टिमीटर लावला आणि वायर हलके ओढली. डेल्कोच्या टोकापासून बोटभर अंतरावर प्लॅस्टिक ताणलं गेलं आणि मीटर कोरा झाला. सोडली, पुन्हा जोडली गेली. सोलून बघितलं तर आतल्या तारा तुटलेल्या, काळ्या पडलेल्या, टोकाला टोक टेकवून पडलेल्या. उभ्या गाडीत टेकत होत्या तोवर सगळं छान. इंजिनानं अंग वळवलं की सुटत होत्या.

पण वायर तिथेच का तुटावी? काकांच्या गाडीत कॉइल मूळ जागेवर नव्हती, आधीच्या कुणीतरी ती बॉडीच्या पत्र्यावर हलवली होती आणि वायर जेमतेम पुरेल एवढी ठेवली होती. डेल्को इंजिनावर, कॉइल बॉडीवर. इंजिन जोर लावताना कलतं, बॉडी जागेवर राहते, ताण वायरीवर. त्यात इंजिनाखालचं एका बाजूचं माउंटिंग रबर ऑइल पिऊन फुगलं होतं आणि पत्र्यापासून सुटलं होतं. त्यामुळे इंजिन कलायचं त्याहून कितीतरी जास्त कलत होतं. सपाटीवर एवढा जोर लागत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर लागतो. पाय सैल सोडला की इंजिन सरळ होतं, तारा टेकतात, गाडी सुधारते. काकांनी पहिल्याच वाक्यात जे सांगितलं होतं त्यातला शब्द न् शब्द या वायरीला लागू पडत होता.

बारीक तारांची मऊ वायर, भरपूर सैल ठेवून, दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवली. काही रुपयांचं काम. माउंटिंग रबरं दोन्ही बदलली, त्याला मात्र वेळ आणि पैसे लागले. टायमिंग पुन्हा लावलं. मग काका आणि मी घाट चढून आलो, खिडक्या उघड्या ठेवून, सायलेन्सर ऐकत. पंचा मागच्या सीटवर कोरडाच होता.

आजच्या गाडीत हाच प्रकार वेगळ्या रूपात येतो. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर इंजिनाचा वेग सतत मोजतो, एखादा सिलिंडर पेटला नाही की त्या क्षणी वेग किंचित पडतो, संगणक ते टिपतो आणि पी०३०३ सारखा कोड ठेवतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० असेल तर बेताल, म्हणजे चौघांना पुरवणाऱ्या वस्तूत बघायचं. कागद जे सांगतो तेच हा कोड सांगतो, फक्त नंबरासकट. त्यापलीकडे काही सांगत नाही. तरी कोड वाचून लगेच तीन नंबरची कॉइल बदलणारे खूप. तिथे पैसे न लागणारी युक्ती आहे. तीनची कॉइल एकला लावा, एकची तीनला, कोड पुसा आणि गाडी फिरवा. आता पी०३०१ आला तर कॉइल खराब. पुन्हा पी०३०३ च आला तर कॉइल निर्दोष, प्लग, इंजेक्टर किंवा दाब बघा. आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर जोर देऊ नका, शक्य तितक्या लवकर सावकाश बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो वितळू शकतो. त्याची किंमत विचारून या, मग मिसिंग अंगावर काढायची हिंमत होणार नाही.

जुन्या गाडीवाल्यांना सध्या आणखी एक भानगड आहे, पेट्रोलमधल्या इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलला पुरतं जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलं की त्याच जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं. नवी गाडी सेन्सरवरून पेट्रोल वाढवून घेते, कार्बोरेटरला असलं काही कळत नाही. आधीच काठावर लावलेली जुनी गाडी मग गार असताना आणि स्लोवर मिसिंग मारायला लागते. स्क्रू फिरवून स्लोचं मिश्रण थोडं दाट केलं, गरज पडली तर जेट मोठा केला की भागतं. याशिवाय इथेनॉल पाणी ओढतं. अर्ध्या टाकीची गाडी कोकणात पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, आणि गणपतीला गाडी काढली की तळाचंच आधी इंजिनात जातं. उभीच ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या लावून घ्या.

काकांना मी हे सगळं सांगितलं आणि तीन नंबरचंही सांगितलं. टॅपेट सैल केल्यावर तिथला दाब १०५ वरून ११५ पर्यंत आला, त्यावर नाही. कड थोडी जळलीच आहे. घाट चढायला अडचण नाही, पण हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवावा लागणार, कदाचित बदलावाही. काका म्हणाले, दिवाळीनंतर बघू, तोवर लेकीकडे दोन फेऱ्या आहेत. मी म्हटलं चालेल, फक्त टॅपेटचा आवाज येतो म्हणून वाटेत कुणाला तो आवळू देऊ नका, आणि परत येताना पाटणला पेट्रोल भरलंत तर तीन नंबरचा प्लग काढून रंग बघा. पांढरा पडला असेल तर दिवाळीची वाट बघू नका.